जोडीनं स्की शिकायला निघताय? आधी हे ठरवा

दिवाळी आटोपली की काश्मीर-मनालीच्या सहलींची आखणी सुरू होते आणि तेच प्रश्न दरवर्षी नव्याने येतात. आम्हा दोघांनाही अजिबात येत नाही, चार-पाच दिवसांत जमेल का? स्की सोपं की स्नोबोर्ड? एकाला थोडं येत असेल तर त्यानेच दुसऱ्याला शिकवलं तर? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: पॅकेजमध्ये ‘स्कीइंग’ लिहिलंय, म्हणजे शिकवणारच ना?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ असंच असतं. पॅकेजमधला गुलमर्गचा दिवस साधारण ठरलेला असतो. सकाळी श्रीनगरहून निघायचं, वाटेवरच्या तंगमर्गला गमबूट आणि लांब कोट भाड्याने घ्यायचे, अकराच्या सुमारास वर पोचायचं, गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेत उभं राहायचं. मग कुणीतरी हात धरून तुम्हाला स्कीवर उभं करतो, थोडं अंतर ओढत नेतो, फोटो काढतो, आणि चारच्या आत गाडी परतीला लागते. यात गंमत आहे, पण शिकणं नाही. खरंच शिकायचं असेल तर किमान तीन सलग दिवस, एकच सोपा उतार आणि एकच प्रशिक्षक एवढं पक्कं करा. बाकीचे निर्णय त्यावरून ठरतात.

कुठे जावं?

- गुलमर्ग. उंची सुमारे २,६५० मीटर, श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटर. नवशिक्यांचे हलके उतार गावालगतच आहेत, त्यांच्यासाठी गोंडोलात बसावं लागत नाही. सामान भाड्याने देणारी दुकानं भरपूर, आणि स्नोबोर्डही सहज मिळतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था इथेच आहे. तिचे निवासी वर्ग परवडणारे असतात, पण जागा लवकर भरतात आणि शिस्त वर्गाची असते. हनिमूनची मोकळीक हवी असेल तर खासगी प्रशिक्षक बरा.
- औली (उत्तराखंड). उतार लांब, मोकळे आणि शिकायला चांगले. गढवाल मंडल विकास निगमाचे स्कीचे वर्ग इथे चालतात. मात्र डेहराडून किंवा ऋषिकेशहून रस्त्याने जाण्यात एक पूर्ण दिवस जातो. पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथून औलीला येणारा रोपवे बंद झाला, त्यामुळे रस्त्यानेच वर जायचं असं धरून चाला. स्नोबोर्ड मिळेल का, हे आधी फोन करून विचारा.
- सोलंग (मनालीजवळ). पोचायला सोपं, पण उतार लहान आणि दिवसभर पर्यटकांची झुंबड. अर्ध्या दिवसाची चव घ्यायची असेल तर ठीक. मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचे वर्ग मात्र गंभीरपणे शिकणाऱ्यांसाठी आहेत.
- दुबईतला बंदिस्त उतार. मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई २००५ पासून सुरू आहे. तुमचे नातेवाईक दुबईत असतील आणि तिकडे जाणं होणारच असेल, तर पहिला धडा तिथे घेऊन पाहा. हा खेळ आपल्याला झेपतो का, आवडतो का, हे हिमालयातल्या आठवड्याचे पैसे भरण्याआधी कळतं.

यापुढचा मजकूर मुख्यतः गुलमर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. सामानाचे आणि सुरक्षेचे नियम मात्र सगळीकडे तेच.

कधी जावं?

काश्मिरातला कडाक्याच्या थंडीचा काळ, म्हणजे चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. म्हणून नाताळात भरपूर बर्फ असेल असं अनेकजण गृहीत धरतात. थंडी असते, बर्फ असेलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ उघडे पडले होते. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा अपुऱ्या बर्फामुळे फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. त्यातल्या त्यात भरवशाचा काळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर. त्या काळात नाताळच्या सुटीतली गर्दीही नसते.

बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्या:

1. बर्फ नसेल तर तारीख बदलून मिळेल का, आणि किती दिवस आधी कळवावं लागेल?
2. रस्ता बंद पडून एक दिवस वाया गेला तर त्या दिवसाचं प्रशिक्षण आणि सामानाचं भाडं परत मिळेल का?
3. तंगमर्गच्या पुढे टायरला चेन बांधलेली गाडी लागली, तर तिचा खर्च कुणाचा?

मुक्काम गुलमर्गमध्येच करा. श्रीनगरहून रोज ये-जा केली तर उतारावरचे तास निम्मे होतात. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. दोघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड हवं, नाहीतर उतारावर चुकामूक झाली की पंचाईत.

स्की की स्नोबोर्ड?

कोणतं ‘भारी’ दिसतं यावर ठरवू नका. फरक असा आहे:

- स्की: दोन पाय सुटे, तोंड पुढे, हातात दोन काठ्या. पहिल्याच दिवशी उभं राहणं, सरकणं आणि थांबणं बहुतेकांना जमतं. पुढे पायाशी पाय समांतर ठेवून वळणं घ्यायला मात्र वेळ लागतो. दुखापत झाली तर जास्त धोका गुडघ्याला.
- स्नोबोर्ड: दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, अंग आडवं. पहिला दीड-दोन दिवस बसणं, उठणं आणि पुन्हा आपटणं यातच जातो. एकदा वळण सापडलं की प्रगती झपाट्याने होते. धोका मनगटाला, माकडहाडाला आणि डोक्याला.

यावरून सरळ हिशेब निघतो. हातात दोनच दिवस असतील तर दोघांनी स्की घ्या. तीन-चार दिवस असतील आणि पडण्याची तयारी असेल, तर स्नोबोर्डचा विचार करा. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हीपैकी काहीही नको. मनगट किंवा पाठ कमकुवत असेल तर स्नोबोर्ड टाळा.

दोघांनी वेगवेगळं निवडलं तरी काही बिघडत नाही. फक्त एक अडचण लक्षात घ्या. छोट्या उतारावर वर नेणारी ओढलिफ्ट, म्हणजे कमरेशी किंवा पायांत दांडा अडकवून ओढत नेणारी, स्कीवाल्याला लवकर जमते आणि स्नोबोर्डवाल्याला दमवते. त्यामुळे एक जण दहा फेऱ्या मारतो तेव्हा दुसऱ्याच्या चार होतात. हे आधीच माहीत असलं की चिडचिड होत नाही.

प्रशिक्षक ठरवताना

एकाला येत असलं तरी त्याने दुसऱ्याला शिकवू नये, हा या लेखातला सगळ्यात कळकळीचा सल्ला. एकतर येणं आणि शिकवता येणं यात अंतर आहे. दुसरं म्हणजे ‘अगं, सोपं आहे, ये ना खाली’ या वाक्याने नवशिक्या माणूस झेपणार नाही अशा उतारावर जाऊन उभा राहतो, आणि मग परतीचा मार्ग एकच उरतो: आपटत खाली येणं.

- हॉटेलच्या दारात किंवा गाडी थांबताच गाठणाऱ्याशी सौदा ठरवू नका. पर्यटन खात्याकडची नोंदणी आणि ओळखपत्र मागा. देत नसेल तर पुढे चला.
- विचारा: कोणत्या संस्थेतून कोर्स केलाय? नवशिक्यांना किती वर्षं शिकवताय? एका वेळी किती जणांना घेता?
- दर दिवसाचा की तासाचा, एका माणसाचा की दोघांचा, सामानासकट की वेगळा, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. घोडे, स्लेज आणि गाईड यांचं अधिकृत दरपत्रक असतं, तेही मागा.
- एक जण स्कीवर आणि दुसरा स्नोबोर्डवर असेल तर दोन वेगळे प्रशिक्षक घ्या. ‘मी दोन्ही शिकवतो’ म्हणणारा एका वेळी एकाकडेच बघू शकतो.
- पहिल्याच तासात प्रशिक्षक तुम्हाला गोंडोलाने वर न्यायचं म्हणत असेल तर स्पष्ट नकार द्या.

सामान: भाड्याने काय, घरून काय?

स्की, बोर्ड, बूट, काठ्या आणि हेल्मेट भाड्याने घ्या. हेल्मेटशिवाय सामान घेऊच नका. दुकानात अर्धा तास मोडला तरी चालेल, कारण बुटांची निवड चुकली की तीनही दिवस वाया जातात.

स्कीचा बूट असा तपासा. मोजा एकच, पातळ आणि लोकरीचा किंवा सिंथेटिक. पँटचं टोक बुटाच्या आत कोंबू नका. पाय घालून टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा म्हणजे ती मागे नीट बसते. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या पुढच्या बाजूवर दाबली की बोटं किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच वर उचलली गेली तर बूट मोठा आहे. दुकानदार ‘दोन मोजे घाला, बसेल’ म्हणाला तर बूट बदलून मागा. स्कीचा बूट घट्टच असतो, पण पायाला मुंग्या आल्या तर चुकीचा आहे.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, विचारून लावून घ्या. पडल्यावर बूट स्कीपासून सुटला नाही तर गुडघा पिरगळतो. तो किती जोर पडल्यावर सुटावा, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं कौशल्य पाहून स्क्रूने ठरवतात. दुकानदाराने तुमचं वजन विचारलंच नसेल तर थांबवा आणि सांगा. दोघांच्या स्की सारख्या दिसतात म्हणून एकमेकांच्या वापरू नका.

स्नोबोर्ड घेताना कोणता पाय पुढे ठेवायचा ते आधी ठरवा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरा. जो पाय आपोआप पुढे जातो तोच बोर्डवर पुढे. डावा पुढे असेल तर ‘रेग्युलर’, उजवा असेल तर ‘गूफी’. बाइंडिंग त्याप्रमाणे लावून घ्या आणि मनगटाचे गार्ड घरूनच न्या, कारण भाड्याने ते क्वचित मिळतात.

घरून न्यायच्या बाकी गोष्टी:

- घाम शोषून लगेच वाळणारे आतले कपडे, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी आत न येऊ देणारं जॅकेट आणि पँट. जीन्स आणि सुती बनियन नको. एकदा भिजले की अंग गार पडतं.
- पाणी न झिरपणारे हातमोजे, आणि एक जादा जोडी.
- गॉगल आणि सनस्क्रीन. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखालची त्वचाही भाजते. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका.
- पॉवर बँक आतल्या खिशात. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते.

तंगमर्गचे गमबूट आणि फरचा कोट बर्फात फिरायला ठीक, स्कीसाठी निरुपयोगी.

निघण्याआधी: शरीर आणि विमा

स्कीत दमतात त्या मांड्या. सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, उठाबशा आणि जिने उतरणं सुरू करा. पुण्यात असाल तर सिंहगड चढून गाडीने परतू नका, चालत उतरा. उतरतानाच मांडीचे तेच स्नायू तयार होतात.

श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे. तिथे एक-दोन रात्री काढून मग गुलमर्गला जा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं अशी लक्षणं दिसली तर आणखी वर जाऊ नका. वाढली तर खाली उतरा. उंचीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. गरोदरपण, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुकिंग करू नका.

विम्याबद्दल फार गैरसमज आहेत. आरोग्य विम्याच्या वगळणुकींच्या यादीत ‘साहसी खेळ’ दिसला की लोक घाबरतात. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाण शब्दांत मात्र *व्यावसायिक म्हणून* अशा खेळात भाग घेताना झालेली इजा वगळलेली आहे. हौशी पर्यटक त्यात येत नाही. प्रवास विमा आणि अपघात विमा यांचे शब्द कंपनीगणिक वेगळे असतात, त्यात स्कीइंग सरसकट वगळलेलं असू शकतं. म्हणून कंपनीला ईमेल करून विचारा: ‘नवशिक्या पर्यटक म्हणून प्रशिक्षकासोबत स्कीइंग करताना इजा झाल्यास संरक्षण आहे का?’ उत्तर लेखी ठेवा. हाड मोडलं तर पुढच्या उपचारांसाठी श्रीनगर गाठावं लागतं, हे गृहीत धरून रोख रक्कम आणि कार्ड दोन्ही जवळ असू द्या.

पहिल्या दिवसाचा क्रम

1. एकच स्की घालून सपाटीवर चाला. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून मगच बाइंडिंगमध्ये पाय द्या. आधी पुढचा भाग, मग टाच दाबा, ‘खट्ट’ आवाज आला पाहिजे. बर्फ अडकला असेल तर आवाज येतो, पण पकड बसत नाही.
2. पडायला शिका. तोल जातोय असं वाटलं की बाजूला, कुशीवर बसा. मागे झुकून सावरायचा प्रयत्न गुडघ्याला महागात पडतो. स्नोबोर्डवर पडताना मुठी मिटा आणि कोपरापुढचा हात टेकवा. पंजा पसरून टेकवला तर मनगट जातं.
3. उठायला शिका. स्की उताराला आडव्या करा, आपल्या शरीराच्या खालच्या बाजूला आणा आणि मग कुशीवरून उठा. स्की उताराच्या दिशेने असतील तर उठताच पुन्हा घसराल.
4. थांबायला शिका. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे किंचित आत, नडग्या बुटावर दाबलेल्या. ही पाचर जितकी रुंद तितका वेग कमी. स्नोबोर्डवर टाचेच्या कडेवर उभं राहून आडवं घसरत उतरा आणि दाब वाढवून थांबा.
5. मगच वळणं. नजर जिथे जायचंय तिथे. पायांकडे बघितलं की माणूस मागे झुकतो.

सकाळी दोन तास, दुपारी दीड तास एवढंच ठेवा. शेवटची ‘अजून एक फेरी’ दमलेल्या पायांवर होते आणि त्या फेरीत दुखापतीचा धोका वाढतो.

दोघांनी एकमेकांशी आधी बोलून घ्यायच्या गोष्टी

- शिकायचे तास वेगळे, जेवण आणि चहा एकत्र. एकाने दुसऱ्याची फेरी बघत उभं राहायचं नाही. अंग गार पडतं आणि ज्याच्याकडे बघितलं जातं त्याचा ताण वाढतो.
- भेटायची जागा आणि वेळ ठरलेली असावी. फोनवर अवलंबून राहू नका.
- दोघांपैकी कुणीही ‘आज बास’ म्हटलं तर त्यावर वाद नाही.
- फोटो-व्हिडिओ शेवटच्या अर्ध्या तासात. उतारावर मधोमध उभं राहून चित्रीकरण करू नका.

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे वर्तनाचे दहा नियम आहेत. नवशिक्यांनी निदान तीन पाठच करावेत. पुढे, म्हणजे खाली असलेल्याला प्राधान्य, मागून येणाऱ्याने वाट बदलायची. थांबायचं तर उताराच्या कडेला. पुन्हा निघताना आधी वर बघायचं. याशिवाय, बोर्ड काढून ठेवताना तो उलटा, बाइंडिंग बर्फात रुतेल असा ठेवा. त्याला ब्रेक नसतो, आणि सुटलेला बोर्ड खालच्या माणसाला जायबंदी करू शकतो.

फसवणूक झाली तर

- गोंडोलाचं तिकीट जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरूनच काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. ‘रांगेशिवाय नेतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.
- सामान ताब्यात घेताना त्याचे ओरखडे आणि तूटफूट यांचा व्हिडिओ काढा. परत देताना ‘तुम्हीच तोडलं’ हा वाद त्याने मिटतो. ओळखपत्राची मूळ प्रत ठेवायला देऊ नका.
- ‘सर्व जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही घेतली जाते. तो वाचा, फोटो काढा. सही केली म्हणून सदोष सामान किंवा न दिलेली सेवा याबद्दल तक्रार करण्याचा तुमचा हक्क संपत नाही.
- पॅकेजमध्ये कबूल केलेलं प्रशिक्षण मिळालं नाही तर आधी सहल कंपनीला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, त्यासाठी श्रीनगरला जावं लागत नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

वरच्या उतारावर कधी जायचं?

गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३,१०० मीटरवर सोडतो. दुसरा अफरवाट शिखराजवळ, ३,९५० मीटरच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यावरून स्की करत उतरणं पहिल्या सहलीत कुणीही करू नये. तिथले उतार तीव्र आहेत आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वेळा अफरवाटच्या उतारांवर हिमस्खलनात परदेशी स्कीपटूंचे जीव गेले. देखावा बघायला जाऊन गोंडोलानेच परत या.

कोंगडोरीच्या आसपासच्या सोप्या उतारावर जायचं असेल तर तिसऱ्या दिवशी स्वतःची परीक्षा घ्या. प्रशिक्षकाने सांगितलेल्या जागी दहापैकी नऊ वेळा थांबता येतं का? डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही वळणं न पडता घेता येतात का? समोर अचानक कुणी आलं तर वेग कमी करता येतो का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर प्रशिक्षकाला बरोबर घेऊन जा. दोघांपैकी एकाचंच ‘हो’ असेल तर त्याने प्रशिक्षकाबरोबर जावं आणि दुसऱ्याने खालच्या उतारावर सराव करावा; त्यासाठी त्या दिवसापुरता दुसरा प्रशिक्षक आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.